म्हातारा होत गेलेला सत्यशोधक

अब्बांचा जिल्दसाजीचा धंदा होता. मिरजेत शाळांची रजिस्टरं, वकिलांची जाडजूड बुकं, मशिदीतले जुने कुराणशरीफ, असं सगळं त्यांच्याकडे बांधायला यायचं. घरात स्वतःसाठी म्हणून त्यांनी एकच गोष्ट बांधून ठेवली होती. इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’चे अंक, सहा-सहाचा एक गठ्ठा, वर काळं कापड आणि पाठीवर सोनेरी आकडा. उर्दू वाचायला मी मदरशात शिकलो असं सगळे समजतात. खरं तर मी त्या काळ्या कापडाच्या पुस्तकांवर शिकलो. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे आमच्या घरातलेच दोन माणूस होते.

आज लिहायचं आहे ते मात्र दुसऱ्या एका जासूसाबद्दल. बंगालच्या ब्योमकेश बक्षीबद्दल. पण फरीदीशिवाय तो मला समजला नसता, म्हणून सुरुवात तिथून.

१९९३ सालची गोष्ट. मुंबईची दंगल नुकतीच होऊन गेली होती. आमचे मोठे चाचा बायकामुलांसह मुंबई सोडून मिरजेला आले होते, दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. त्याच वर्षी दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ मालिका सुरू झाली. रजित कपूर धोतर नेसून, हातात सिगरेट घेऊन शांतपणे बोलायचा. के. के. रैना अजित झाले होते आणि सत्यवती होती आपली सुकन्या कुलकर्णी. चाचा त्या दिवसांत फारसं बोलत नसत. पण ही मालिका लागली की पुढे सरकून बसायचे. एकदा म्हणाले, “ये फरीदी जैसा नहीं है. ये तो अपने जैसाच आदमी है.” अब्बांना ते आवडलं नाही. फरीदीची बरोबरी कुणी करावी हे त्यांना कधीच मान्य नव्हतं.

चाचा काय म्हणाले ते मला कळायला वीस वर्षं लागली.

फरीदीचं वय वाढत नाही. इब्ने सफींनी १९५२ साली अलाहाबादेत ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि १९८० साली कराचीत त्यांचं निधन झालं. मधल्या अठ्ठावीस वर्षांत सव्वाशेच्या आसपास फरीदी-हमीदच्या कादंबऱ्या आल्या, १९५५ पासून इमरानची वेगळी मालिका चालू झाली, लेखक तीन वर्षं गंभीर मानसिक आजारात अंथरुणाला खिळून परत उठला. पण फरीदी तोच. ना लग्न, ना पांढरा केस. त्याचं शहरही असंच. मोठमोठे हॉटेल, कोठ्या, बंदर, जंगल सगळं आहे, शहराला नाव मात्र नाही. देशाचंही स्पष्ट नाव नाही. लहानपणी हे खटकलं नव्हतं. आता मला वाटतं, ऑगस्ट १९५२ मध्ये जो माणूस आपला मुलूख सोडून सीमेपलीकडे गेला आणि ज्याचे वाचक दोन्हीकडे राहिले, त्याने आपल्या नायकाला कुठल्या सालात आणि कुठल्या शहरात उभं करायचं? साल घातलं की फाळणी येते. म्हणून त्याने घड्याळच बंद ठेवलं. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

एक गंमत इथेच सांगतो. या कादंबऱ्या हिंदीत निघायच्या तेव्हा फरीदीचा ‘विनोद’ व्हायचा आणि इमरानचा ‘राजेश’. हमीद मात्र हमीदच राहायचा. मिरजेच्या स्टँडवर मी पहिल्यांदा विनोद-हमीदचं पुस्तक पाहिलं तेव्हा पळत घरी आलो होतो, कुणीतरी आमच्या माणसाची चोरी केली म्हणून. अब्बा हसले. म्हणाले, “नाम बदल गया तो क्या हुआ, किताब तो वहीच है.” नाव बदलल्याने काय होतं हे १९९३ च्या आधीचे अब्बा असं बोलू शकत होते.

आता ब्योमकेश.

त्याचे निर्माते शरदिंदु बंद्योपाध्याय १८९९ साली जौनपूरला जन्मले. वकिलीचं शिक्षण घेतलं आणि मग लेखनाकडे वळले. १९३२ साली ब्योमकेशच्या कथा लिहायला घेतल्या. पहिल्या दोन कथा लिहून झाल्यावर त्यांना वाटलं की या माणसाची नीट ओळख करून द्यायला हवी, म्हणून तिसरी लिहिली ‘सत्यान्वेषी’. कलकत्त्याच्या चीनाबाजार भागातली एक मेस, भाड्याने राहणारे एकटे पुरुष, खाली एक होमिओपॅथीचा डॉक्टर, आणि खोटं नाव घेऊन तिथे राहायला आलेला तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण. अजित सांगतो की ही भेट बंगाली सन १३३१ मधली, म्हणजे आपल्या हिशेबाने १९२४-२५. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आवडत नाही, ‘गोयेंदा’ त्याहून नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द आहे, सत्यशोधक. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की जोतीराव फुल्यांचा १८७३ चा समाज आठवतो, आणि आमच्या समाजात हमीद दलवाईंचं मंडळ, १९७० सालचं, पुण्यातलं. शरदिंदुबाबू त्या वर्षी पुण्यातच स्थायिक होते आणि त्याच वर्षी वारले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मला हे एकदा लक्षात आलं आणि मग डोक्यातून गेलं नाही.

हो, पुण्यात. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. १९३८ साली हिमांशु राय यांच्या बोलावण्यावरून शरदिंदुबाबू मुंबईला आले आणि बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहू लागले. १९५२ पर्यंत सिनेमा केला, मग तो सोडला आणि पुण्यात घर केलं. म्हणजे ब्योमकेशच्या बहुतेक कथा, ज्यांत कलकत्त्याची गल्ली न् गल्ली आहे, त्या महाराष्ट्रात बसून लिहिलेल्या आहेत. ‘शैलरहस्य’ नावाची कथा तर महाबळेश्वरात घडते. जानेवारीची थंडी, रिकामं पडलेलं सह्याद्री हॉटेल, आणि तिथून ब्योमकेश अजितला लांबलचक पत्र लिहितो आहे. भुताखेतांवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाची त्या हॉटेलात कशी तारांबळ उडते ते वाचण्यासारखं आहे. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगाली पोरांसाठी लिहिल्या. इथे राहिले ते नुसते भाडेकरू म्हणून राहिले नाहीत.

पण मुंबईला यायच्या दोन वर्षं आधीच, १९३६ मध्ये, त्यांनी ब्योमकेश लिहिणं थांबवलं होतं. सुरुवातीच्या चार वर्षांत दहा कथा झाल्या होत्या. ब्योमकेशचं लग्नही लावून दिलं होतं, तेही एका खुनाच्या तपासातून. ‘अर्थमनर्थम्’मध्ये ज्याच्यावर संशय आहे त्या तरुणाची बहीण सत्यवती, काळीसावळी, ठाम. तपास संपतो आणि सत्यान्वेषी सत्यवतीच्या मागे लागतो. जासूसाचं लग्न झालं म्हणजे गोष्ट संपली, असं लेखकाला वाटलं असेल. मग पंधरा वर्षं काही नाही. कलकत्त्याला गेले असताना ओळखीच्या घरातल्या तरुण पोरांनी ‘ब्योमकेश का लिहीत नाही?’ असं विचारलं, तेव्हा त्यांना कळलं की लोक त्याला विसरलेले नाहीत. १९५१ मध्ये ब्योमकेश परत आला.

या पंधरा वर्षांत काय काय होऊन गेलं ते पाहा. महायुद्ध. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, ज्यात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली असं धरलं जातं. १६ ऑगस्ट १९४६ आणि त्यानंतरचे कलकत्त्याचे ते चार दिवस. फाळणी. दुसऱ्या एखाद्या लेखकाने नायकाला जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं असतं. इंग्रजीतला पोआरो पाहा. १९२० साली पहिल्या कादंबरीत येतो तेव्हाच निवृत्त पोलीस, आणि १९७५ मध्ये त्याच्या मरणाची कादंबरी छापली जाते. हिशेब केला तर शंभरी ओलांडलेला निघेल. याच्या उलट स्कॉटलंडच्या इयन रँकिनचा इन्स्पेक्टर रीबस. १९८७ मध्ये सुरू झाला, पुस्तकागणिक वय वाढत गेलं आणि २००७ च्या कादंबरीत नियमाप्रमाणे साठीला निवृत्त झाला. शरदिंदुबाबूंनी हे कितीतरी आधी केलं. १९५१ च्या ‘चित्रचोर’मध्ये ब्योमकेश मोठ्या आजारातून उठलेला आहे, हवापालटासाठी संथाल परगण्यात आला आहे, आणि सत्यवती त्याच्या खाण्यापिण्यावर पहारा ठेवते आहे. पुढे मुलगा आहे, खोका. मेसमधला तो सडसडीत तरुण आता संसारी माणूस आहे. पैशाची चणचण त्याला कळते.

आणि इतिहास त्याच्या घरात शिरतो. ‘अमृतेर मृत्यु’मध्ये युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिकांनी मागे सोडलेली हत्यारं गावात फिरताहेत आणि तांदळाचा काळाबाजार जोरात आहे. ‘चिडियाखाना’त मुंबई प्रांतात न्यायाधीश म्हणून काम केलेला माणूस निवृत्तीनंतर गुलाबाची शेती काढून समाजाने टाकलेल्या माणसांना तिथे आसरा देतो. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये याच कथेवर उत्तमकुमारला घेऊन सिनेमा केला. मला सगळ्यात जास्त आवडते ती ‘दुर्गरहस्य’. बिहारमधला एक जुना किल्ला, १८५७ च्या धामधुमीत लपवलेली दौलत, आणि ती कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी फारसीत. ब्योमकेशला फारसी येत नाही, ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. वाचून झाली तरी अर्थ लागत नाही, कारण चिठ्ठीत म्हटलंय की सगळं सोनंनाणं मोहनलालच्या ताब्यात आहे. मोहनलाल कोण, हे कळायला १७५७ पर्यंत, प्लासीच्या मैदानापर्यंत, सिराजुद्दौलाच्या त्या हिंदू सरदारापर्यंत जावं लागतं. उत्तर मी सांगणार नाही. पण एका हिंदू जमीनदार घराण्याची १८५७ ची सगळ्यात खाजगी चिठ्ठी फारसीत आहे आणि शंभर वर्षांनी त्याच घरात ती वाचणारा कुणी उरलेला नाही, हे शरदिंदुबाबू कुठलंही भाषण न देता सांगून जातात. आमच्या मिरजेत मोडीत आणि फारसीत लिहिलेले किती कागद रद्दीत गेले ते अब्बा सांगायचे. त्यातले काही त्यांनी पुठ्ठ्याच्या आत अस्तर म्हणून चिकटवले होते. पुढे त्यांना त्याची फार खंत वाटली.

आता ‘आदिम रिपु’. मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पन्नाशीकडे झुकलो होतो आणि भीतभीत वाचायला घेतली. १९५५ ला लिहिलेली, पण काळ १९४६-४७ चा. ब्योमकेशचं घर हॅरिसन रोडवर, आजच्या महात्मा गांधी रोडवर. दंगलीत सगळ्यात जास्त रक्त सांडलं त्या भागात. मला भीती ही होती की या माणसावर माझं प्रेम आहे, आणि आता तो माझ्याबद्दल काय बोलेल? मुसलमान वाचकाला ही भीती नवी नाही. आपण एखाद्या लेखकाच्या घरात पाहुण्यासारखे बसलेले असतो, चहा घेत असतो, आणि पुढच्या पानावर आपल्याकडे पाहून कुणी काय म्हणेल याची धाकधूक असते.

कथेत दंगल संपलेली आहे आणि संपलेली नाही. अधूनमधून सुरा चालतोच. लोक अंधार पडायच्या आत घरी येतात. मोहल्ल्याचं रक्षण करतो म्हणून रहिवाशांकडून पैसे घेणारा, चोरून पिस्तुलं पुरवणारा एक दादा आहे, बांटुल सरदार. तो हिंदूच आहे. कालीपूजेच्या रात्री फटाक्यांच्या आवाजात एका माणसाला गोळी लागते. मेलेला माणूस युद्धात काळाबाजार करून गब्बर झालेला. ब्योमकेश तपास करतो, मध्येच सरकारी कामासाठी दिल्लीला जातो, परत येतो, आणि उलगडा होतो १४ ऑगस्टच्या रात्री. एकीकडे देश स्वतंत्र होतोय आणि दुसरीकडे ब्योमकेश खुन्याला पोलिसांच्या स्वाधीन करत नाही, सोडून देतो. मेलेल्याच्या पापाच्या नोटा आगीत जातात. तरुण ब्योमकेशने हे केलं असतं का? मला नाही वाटत. पण १९४७ चा, चाळिशी ओलांडलेला, शहरात प्रेतं पाहिलेला ब्योमकेश कायदा आणि न्याय यांच्यातलं अंतर ओळखून आहे. याच कथेत तो पहिल्यांदा आपल्या बालपणाबद्दल बोलतो. बाप गणिताचा मास्तर, आई वैष्णव घरातली, दोघंही क्षयाने गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा. इतकी वर्षं अजितसोबत एका छताखाली काढून त्याने हे सांगितलं नव्हतं. वय झाल्यावर माणूस असं काही सांगतो.

या कथेत एक जिल्दसाजही आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

आता तक्रार. ‘आदिम रिपु’ने मला दुखावलं नाही, पण त्यात मी नाहीही. त्या काळच्या कलकत्त्यात जवळपास एक चतुर्थांश माणसं मुसलमान होती. ब्योमकेशच्या जगात ती कुठे दिसतात? ‘चिडियाखाना’त घोडागाडी हाकणारा मुश्किल मियाँ आणि त्याची बायको नजर बीबी. गाडीवान, मुन्शी, खानसामा. अजितचा मित्र म्हणून, ब्योमकेशचा अशील म्हणून, नुसता दिवाणखान्यात बसून चहा पिणारा म्हणून कुणी आठवत नाही. त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर मुसलमान आला की बहुतेक आक्रमक म्हणूनच येतो, तिथे माझं मन रमत नाही. हे शरदिंदुबाबूंचं एकट्याचं नाही. आपल्या मराठी रहस्यकथेतही बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या मुंबईत मी स्वतःला शोधायचो. लहानपणी पोटभर वाचले ते, आणि आजही वाचतो. पण इब्ने सफी आमच्या घरात जिल्द बांधून का ठेवले गेले, याचं एक उत्तर इथे आहे. फरीदीच्या जगात मुसलमान असणं ही बातमी नव्हती.

तरीही म्हातारपणी मला ब्योमकेशच जवळचा वाटू लागला आहे, आणि चाचांचं ते वाक्य आता कळतं. ज्या माणसाचं शहर जळतं, ज्याला घर बदलावं लागतं, ज्याच्या मित्राचे केस पिकतात, तो ‘अपने जैसाच’. चाचा परत मुंबईला गेले नाहीत. इथेच घड्याळ दुरुस्तीची टपरी टाकली. फरीदीच्या जगात कुणाची टपरी जळत नाही, म्हणून ती नव्याने टाकावीही लागत नाही.

शेवटच्या कथांमध्ये आणखी एक बदल होतो. १९६४ नंतर अजित गोष्ट सांगेनासा होतो. तो आता प्रकाशनाच्या धंद्यात अडकला आहे आणि ब्योमकेशचं नवं घर होतंय त्यावर देखरेख करतो आहे, अशी सबब दिलेली आहे. लेखकाने थट्टेने हेही म्हटलंय की अजितची भाषा आता जुनी झाली. ती थट्टा अगदी पोकळ नाही. सुरुवातीच्या कथा भारदस्त साधू बंगालीत आहेत, नंतरच्या बोलीभाषेत. म्हणजे नुसता नायक म्हातारा झाला नाही, सांगण्याची भाषासुद्धा बदलली. ब्योमकेश दक्षिण कलकत्त्यात केयातल्याला राहायला जातो, घरात मोटारीची चर्चा होते. १३३१ साली चोवीसचा असलेला माणूस हिशेबाने सत्तरीला आला आहे. लेखक त्याला तितका थकलेला दाखवत नाही, पण धावपळही करू देत नाही. तो आता जास्त ऐकतो.

दूरदर्शनच्या मालिकेत हे नाही. तिथे रजित कपूर १९९३ मध्येही तोच आणि १९९७ मध्येही जवळपास तोच. दिबाकर बॅनर्जींच्या २०१५ च्या सिनेमात तर सुशांतसिंग राजपूतचा ब्योमकेश अगदी कॉलेजातून बाहेर पडलेला पोरगा आहे. सिनेमा मला आवडला. पण ब्योमकेशचं म्हातारपण पुस्तकातच भेटतं.

एकूण पूर्ण कथा बत्तीस. तेहेतिसावी ‘विशुपाल वध’. नाटकाचा प्रयोग रंगात आलेला आहे, प्रेक्षकांत ब्योमकेश बसला आहे, आणि नट रंगमंचावरच मरतो. तपास सुरू होतो आणि कथा तिथेच थांबते. १९७० साली शरदिंदुबाबू गेले. पुढे नारायण सान्याल यांनी ती पुरी केली, पण ती त्यांची.

अब्बांची नजर शेवटी शेवटी पार गेली होती. त्यांना मी हिंदी अनुवादातून एकेक कथा वाचून दाखवत असे. फरीदी त्यांना पाठ होता, म्हणून ‘दूसरा कुछ पढ़’ म्हणायचे. ब्योमकेशवर त्यांनी शेवटपर्यंत नाकं मुरडली, पण झोपायच्या आधी ‘वो बंगाली कहाँ तक आया था’ हे विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. ‘विशुपाल वध’ मी एका बैठकीत संपवली. शेवटची ओळ वाचून गप्प बसलो. ते थोडा वेळ वाट पाहत राहिले.

“फिर?”

“इतनाच है, अब्बा.”

“जिल्द में पन्ने छूट गए होंगे,” ते म्हणाले, आणि हात पुढे करून पुस्तकाची पाठ चाचपून पाहू लागले.